शाळा सोडण्याचे कारण

तिकिटाच्या खिडकीवरच्या मुलीला मी तीनदा 'वॉर्सेस्टर' म्हणून सांगितलं. तिन्ही वेळा ती गोड हसून 'सॉरी' म्हणाली. रांगेत मागं उभे असलेले एक शीख आजोबा शेवटी पुढं झाले. "वूस्टर, मास्टरजी, वूस्टर बोलिए." मी मास्तर आहे हे त्यांनी कशावरून ओळखलं, ते विचारायचं राहून गेलं. मी काचेवर बोटानं स्पेलिंग लिहून दाखवायला लागलो होतो, त्यावरूनच असणार.

इंग्रजीत नऊ अक्षरांचं नाव आणि तोंडातून बाहेर पडतात फक्त वू आणि स्टर. मधली अक्षरं इंग्रज माणूस चहाबरोबर गिळतो की काय, कोण जाणे! चौतीस वर्षं पोरांकडून शुद्धलेखन घोटून घेतलं, पण असा उघडउघड अन्याय कुठल्या शब्दावर झालेला पाहिला नव्हता.

भाचा बर्मिंगहॅमला असतो. मी आलो तेव्हा त्यानं यादीच काढून ठेवली होती: लंडनचा पूल, राणीचा वाडा, शेक्सपिअरचं घर. मी म्हटलं, "ते सगळं बघू. आधी मला वूस्टरला जाऊ दे."

"मामा, तिथं काय आहे?"

"दाखले," मी म्हणालो. त्याला वाटलं, म्हाताऱ्याला प्रवास बाधला.

त्याला काय कळणार? नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या शाळेत, श्रीरामपूरपासून सायकलच्या अंतरावर, मी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर किती सह्या केल्या याची मोजदाद नाही. त्या कागदावर दोन रकाने मला नेहमी खुणावायचे. एक जन्मतारखेचा, अंकी आणि अक्षरी. दुसरा, 'शाळा सोडण्याचे कारण'. त्यात आम्ही काय लिहायचो? 'दहावी उत्तीर्ण'. 'पालकांची बदली'. 'पालकांच्या विनंतीवरून', म्हणजे घरात काहीतरी बिनसलंय. साखर कारखान्याच्या हंगामात 'पालकांसोबत स्थलांतर'. एवढ्या वर्षांत त्या रकान्यात 'क्रिकेट' हा शब्द लिहायची वेळ एकदाही आली नाही. आणि आमच्याच श्रीरामपूरचा झहीर खान सतराव्या वर्षी इंजिनिअरिंगची वाट सोडून मुंबईला गेला, नॅशनल क्रिकेट क्लबात सुधीर नाईकांच्या हाताखाली तयार झाला आणि पुढं एक अख्खा उन्हाळा या वूस्टरला गोलंदाजी करून आला. त्याचा दाखला माझ्या हातचा नव्हे. पण तेव्हापासून मला नाद लागला, शाळा सुटल्यासुटल्या बॅट-बॉल घेऊन परमुलखात गेलेल्या पोरांचा. वही घालून नोंदी केल्या. आणि पान उलटावं तिथं हेच गाव! पाकिस्तानातून इम्रान खान, न्यूझीलंडमधून ग्लेन टर्नर, झिम्बाब्वेतून ग्रॅम हिक. नदीकाठच्या एका चर्चच्या गावात ही सगळी पोरं येऊन पडली कशी?

गाडीनं किडरमिन्स्टर मागं टाकलं तसा मी खिडकीला नाक लावून बसलो. हिक पहिल्यांदा आला तो इथल्या क्लबाकडून खेळला होता. दिसलं काय, तर गालिच्याच्या जुन्या गिरण्यांची एक चिमणी आणि मोटारींची दुकानं. भाच्यानं बजावून सांगितलं होतं, 'फोरगेट स्ट्रीटला उतर.' पण पाटीवर वूस्टर दिसलं की माझ्यासारखा माणूस उतरणारच. ते निघालं श्रब हिल. एवढ्याशा गावाला दोन स्टेशनं! आमच्याकडं एका स्टेशनाला दोन गावांची नावं असतात, म्हणजे बेलापूरच्या स्टेशनावर उतरायचं आणि जायचं श्रीरामपुरात. तेव्हा तक्रार कुठल्या तोंडानं करू?

चालत निघालो. कालवा ओलांडला, बाजारपेठ लागली, एल्गर नावाच्या संगीतकाराचा पुतळा लागला आणि मग एकदम कॅथीड्रल. त्यात राजा जॉनची कबर आहे, मॅग्ना कार्टावर ज्याच्याकडून सक्तीनं शिक्कामोर्तब करून घेतलं तोच. मी आदरानं डोकावून आलो, पण खरं सांगायचं तर माझं लक्ष मागच्या दाराकडं होतं. कॅथीड्रलच्या मागं उतार आहे, उताराच्या टोकाला नदीचा दरवाजा. त्याच्या भिंतीत पुराच्या खुणा कोरल्यात, सालासकट. १७७० ची खूण पाहिली, १९४७ ची पाहिली आणि छत्री उंच धरून ती कुठवर पोचते याचा अंदाज घेतला. नाशिकला गोदेचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं, यावर पुराची बातमी ठरते. इथं मारुती नाही, भिंत आहे, एवढाच फरक.

खुणा बघून मान वळवली आणि नदीपलीकडं हिरवं मैदान दिसलं. न्यू रोड. हसावं की रडावं? ज्या नदीच्या पुराच्या उंच्या भिंतीवर कोरून ठेवल्यात, तिच्याच पूररेषेत, ऐन काठावर या लोकांनी क्रिकेटचं मैदान केलं! १८९९ पासून तिथं प्रथम दर्जाचे सामने होतात आणि सेव्हर्न नदी मनात येईल तेव्हा मैदानात येऊन राहते. २००७ च्या जुलैत तर भर मोसमात आली. सामने दुसरीकडं हलवावे लागले. पाणी ओसरलं की हे लोक गाळ काढतात, गवत पेरतात, पुन्हा खेळतात. मैदान हलवण्याचा विषय निघतो आणि पुन्हा बुडतो.

पुलावरून जाताना खाली हंस. दोनचार नव्हेत, हंसांची पंगतच. चित्रातल्या सरस्वतीजवळ एक असतो, त्याचं आम्हाला केवढं अप्रूप. इथं पोरं त्यांना पावाचे तुकडे टाकत होती आणि ते एकमेकांच्या पाठीत चोची मारत होते. माझी थोडी निराशाच झाली.

आत चार दिवसांचा सामना चालू होता. कामाचा दिवस, सकाळचे साडेअकरा आणि प्रेक्षकांत बहुतेक माझ्याच वयाचे. कुणाच्या मांडीवर धावफलकाची वही, कुणाच्या हातात विणकाम, पायाशी थर्मास. एक आजी सुया चालवत होत्या. नजर लोकरीवर, पण बॅटचा आवाज झाला की वर न बघताच म्हणायच्या, "चार." आणि चारच असायचे. पाहुण्या संघाच्या पोरानं अर्धशतक केलं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या तालुक्याच्या सामन्यांत पाहुण्या फलंदाजाला पन्नास होईस्तोवर पंच बदलावा लागतो.

जेवणाची सुट्टी झाली आणि लोक सरळ मैदानात उतरले! मला वाटलं दंगा झाला. पण कुणी पळत नव्हतं. हातात सँडविच धरून मंडळी दोरीपर्यंत जात होती, खेळपट्टीकडं वाकून बघत होती, माना डोलवत परत येत होती. देवदर्शनाची ओळ असते तशी. मीही गेलो. दोरीच्या पलीकडं फिक्या रंगाची पट्टी, एका टोकाला बुटांनी उकरलेला खड्डा, त्याच्या कडेला गोलंदाजानं पाय घासून काढलेली रेघ. झहीरचा डावा हात याच्याच आसपास फिरला असेल. मी हळूच वाकून दोरीला हात लावला आणि कुणी पाहिलं नाही ना, हे पाहिलं.

पाहिलं होतं. वही मांडीवर घेतलेले एक गृहस्थ माझ्याकडंच बघत होते. त्यांनी शेजारची खुर्ची सरकवली. ऐंशीच्या पुढचे असतील. तोंडओळखीला हवामान झालं, मग पुराची गोष्ट झाली. मैदानात होडी चालवल्याचं ते असं सांगत होते जसं आम्ही ७२ चा दुष्काळ सांगतो: भोगल्याचा त्रास कमी, सांगण्याचा अभिमान जास्त. मग मी माझी वही काढली. ती पाहून त्यांनी चष्मा बदलला.

टर्नरचं नाव निघालं तशी त्यांची कळी खुलली. डनेडिनचा हा पोरगा रात्री बेकरीत राबायचा, इंग्लंडचं भाडं जमवायला. ना सरकारी शिष्यवृत्ती ना कुणी देणगीदार, पावाच्या भट्टीची शिष्यवृत्ती म्हणा. १९६७ मध्ये आला तो शेजारच्या वॉरिकशायरकडं चाचणीला. त्यांचा परदेशी खेळाडूंचा कोटा भरलेला. वूस्टरनं ठेवून घेतला. पुढं १९८२ च्या मे महिन्यात त्यानं आपलं शंभरावं शतक याच मैदानावर काढलं, त्याच वॉरिकशायरविरुद्ध आणि शंभरावर न थांबता एका दिवसात नाबाद ३११. "मी तिथं बसलो होतो," आजोबांनी बोटानं जागा दाखवली. "शंभर झाले तेव्हा मैदानातच त्याच्यासाठी जिनचा ग्लास गेला." मी मास्तर, मला ग्लास खटकला. पण वॉरिकशायरनं परत पाठवलेल्या पोरानं त्यांनाच ३११ मोजायला लावावेत, हा हिशोब मनापासून आवडला. या टर्नरची बायको आपल्या लुधियानाची, सुखी टर्नर. ती पुढं नऊ वर्षं डनेडिनची महापौर होती. म्हणजे देवाणघेवाण कुठून कुठं जाते बघा.

इम्रानचं नाव काढल्यावर आजोबांनी ओठ मुडपले. १९७१ मध्ये पाकिस्तानच्या संघाबरोबर अठरा वर्षांचा इम्रान आला, एजबॅस्टनला पहिली कसोटी खेळला आणि दौरा संपल्यावर इथंच राहिला. शाळाही इथलीच, रॉयल ग्रामर स्कूल. तिथून ऑक्सफर्डला कीबल कॉलेजात. पण वूस्टरला त्याचा जीव रमला नाही, १९७७ मध्ये तो ससेक्सला निघून गेला आणि इथल्यांना ते फार लागलं. "आम्ही त्याला कंटाळवाणे वाटलो," आजोबा म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर सासरी नांदायला नकार देऊन गेलेल्या सुनेबद्दलचा भाव होता.

संध्याकाळी मी मुद्दाम त्या शाळेवरून गेलो. लाल विटांची, सातशे वर्षांहून जुन्या परंपरेची शाळा. कार्यालयात शिरून इम्रानच्या दाखल्याची नोंदवही दाखवा म्हणायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. धीर झाला नाही. पण आतल्या सभागृहाचं नाव कळलं, पेरिन्स हॉल. तेच पेरिन्स, 'ली अँड पेरिन्स'वाले, वूस्टरशायर सॉसवाले. त्या सॉसची दंतकथा अशी सांगतात, की कुणी लॉर्ड बंगालहून पाककृती घेऊन आला, इथल्या दोन औषधविक्यांनी ती करून पाहिली, चव काही जमली नाही, म्हणून पिंप तळघरात टाकून विसरले. बऱ्याच दिवसांनी झाकण काढलं तर आत हे अमृत! लॉर्डाची गोष्ट खरी असो नसो, सॉसमध्ये चिंच असते हे खरं. तेव्हा आपल्या चिंचेच्या पैशातून बांधलेल्या हॉलच्या शाळेत इम्रान शिकला, असं मी वहीत लिहून टाकलं. सॉसमध्ये मासळीही असते, हे भाच्यानं मला बाटली निम्मी संपल्यावर सांगितलं.

पण मी परत मैदानावर, हिकवर येतो, कारण माझ्या वहीत सगळ्यात जास्त पानं त्याची आहेत. तंबाखूच्या मळेवाल्याचा मुलगा. सतराव्या वर्षी झिम्बाब्वेच्या १९८३ च्या विश्वचषक संघात होता. १९८४ मध्ये झिम्बाब्वे क्रिकेट युनियननं शिष्यवृत्ती देऊन त्याला वूस्टरला धाडलं. त्याच उन्हाळ्यात कपिलदेवही याच कौंटीकडून खेळायला आला होता. शिष्यवृत्तीमागचा विचार आपल्या कुठल्याही शेतकऱ्याला कळेल असा: गोऱ्हा चांगल्या रानात चरायला पाठवायचा, अंगानं भरला की औताला आपल्याकडं. पण गोऱ्हा परत आलाच नाही. झिम्बाब्वेला तेव्हा कसोटीचा दर्जा नव्हता. पोरानं सात वर्षं वाट पाहून इंग्लंडची पात्रता मिळवली. त्या सात वर्षांत त्यानं इथं धावांची रास घातली. १९८८ च्या मे महिन्यात टॉन्टनला नाबाद ४०५. त्याच महिन्याअखेर याच न्यू रोडवर वेस्ट इंडीजविरुद्ध १७२ करून मे संपायच्या आत हजार धावा. सगळ्या देशानं ठरवून टाकलं, हा आला की आपले दिवस फिरणार. १९९१ मध्ये हेडिंग्लेला पहिली कसोटी. दोन्ही डावांत ६ आणि ६.

आणि गंमत, त्याला कसोटीतलं पहिलं शतक भेटलं ते आमच्या मुंबईत, १९९३ च्या फेब्रुवारीत, वानखेडेवर. १७८. शिक्षककक्षातल्या टीव्हीवर आम्ही तो डाव पाहिला होता. बाकीचे चिडले होते आणि मी, कुणाला न सांगता, खूश होतो. दुसऱ्या दिवसापासून विनोद कांबळीनं २२४ काढून सगळ्यांचा राग घालवला आणि सामना आपण डावानं जिंकला, तेव्हा मला माझी खुशी लपवायचं कारणही उरलं नाही.

पण खरा हिशोब त्याच्या आदल्या वर्षीचा. १८ मार्च १९९२, ऑस्ट्रेलियातलं ऑल्बरी, विश्वचषकाचा सामना. झिम्बाब्वे सर्वबाद १३४. इंग्लंडला काय, दुपारच्या चहाआधी संपवायचं काम. इंग्लंडकडून हिक फलंदाजीला आला आणि एडो ब्रँडेसनं त्याचा त्रिफळा उडवला, शून्यावर. ब्रँडेस त्याचा जुना दोस्त, कोंबड्या पाळणारा माणूस. इंग्लंड १२५ मध्ये गुंडाळलं. ज्या मंडळानं तिकीट काढून दिलं, त्याच मंडळाच्या संघानं त्याला शून्यावर परत पाठवलं. तो घरी परतला असता तर काही महिन्यांनी, ऑक्टोबर १९९२ मध्ये, हरारेत भारताविरुद्ध झिम्बाब्वेच्या पहिल्या कसोटीत खेळला असता.

मी आजोबांना विचारलं, "मग त्याला काय म्हणायचं? तुमचा का त्यांचा?"

आजोबांनी समोरच्या इमारतीकडं बोट केलं. पाटी होती: ग्रॅम हिक पॅव्हिलियन. "नाव आम्ही दिलंय," ते म्हणाले आणि थोडं थांबून, "तो मात्र आता ऑस्ट्रेलियात असतो."

त्याच मैदानात बॅसिल डॉलिव्हेराच्या नावाचा स्टँड आहे. हा शाळा सोडलेला पोरगा नव्हे, चांगला घोडनवरा. केपटाऊनचा, गोरा नसल्यामुळं स्वतःच्या देशात वरच्या क्रिकेटला मज्जाव असलेला. त्यानं जॉन आर्लट या समालोचकाला हिरव्या शाईनं पत्रं लिहिली. १९६० मध्ये मँचेस्टरजवळच्या मिडलटन क्लबात साडेचारशे पौंडांची जागा मिळाली. केपटाऊनच्या वस्तीनं वर्गणी काढून विमानाचं भाडं जमवलं. शिष्यवृत्तीच ती, फक्त देणाऱ्यांत न्हावी होते, शिंपी होते, मजूर होते. इंग्लंडात उतरल्यावर तो गोऱ्यांना ओझी वाहताना बघून थक्क झाला. १९६४ मध्ये वूस्टरला आला, १९६६ मध्ये इंग्लंडचा झाला. आणि हे सगळं वय चोरून! तीन-चार वर्षं सरळ कमी सांगितली. हे वाचलं तेव्हा माझ्यातला मुख्याध्यापक अस्वस्थ झाला होता. 'जन्मतारीख, अंकी व अक्षरी'. आमच्याकडं चौदा वर्षांखालच्या संघात मिशा फुटलेली पोरं उतरवायला पालक दाखला बदलून मागायला यायचे. मी कधी दिला नाही. पण माझ्यासमोर डॉलिव्हेरा उभा असता तर? त्याचा नातू ब्रेट याच कौंटीचा कर्णधार झाला. तिसरी पिढी. मी तो दाखला दिला असता, असं आता वाटतं. कुणाला सांगू नका.

मग आजोबांनी विचारलं, मी कुठला. इंडिया म्हणालो. इंडियात कुठं? मुंबईपासून लांब, म्हणालो. ते अडून बसले, म्हणून सांगितलं: झहीर खानच्या गावचा.

वही मिटली. आजोबा उठून उभे राहिले. माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि मागच्या रांगेला मोठ्यानं सांगितलं, "झिप्पी झॅकीच्या गावचा माणूस!" विणकाम थांबलं. २००६ च्या त्या एका उन्हाळ्यात पठ्ठ्यानं इथं ७८ बळी घेतले होते. एसेक्सविरुद्ध एका डावात नऊ. तेव्हा तो भारतीय संघाबाहेर फेकला गेलेला, लोकांनी मोडीत काढलेला. इथं महिनोन्महिने रोजच्या रोज गोलंदाजी केली, आखूड धावेनं, डोकं चालवून आणि पुढच्याच वर्षी इंग्लंडमधली मालिका भारतानं जिंकली तेव्हा भारताचा मालिकावीर तोच. म्हणजे शाळा सुटून दहा वर्षं झालेल्या माणसाला वूस्टरनं पुन्हा शाळेत बसवलं. मला लेडीज पॅव्हिलियनमध्ये नेण्यात आलं. तिथं बायका घरच्यासारखे केक करून विकतात, आक्रोडाचा, लिंबाचा, मुरंब्याचा. पैसे कुणी घेईना. श्रीरामपूरच्या नावावर मला श्रीरामपुरात कधी फुकट चहा मिळाला नव्हता.

फक्त आजोबांना ते नाव उच्चारता येईना. चारदा प्रयत्न करून त्यांनी 'श्रॅम्पर' केलं. मधली अक्षरं गिळून टाकली. मी म्हटलं, फिट्टंफाट.

शनिवारी भाचा त्याच्या क्लबात घेऊन गेला. खेड्यातलं मैदान, एका बाजूला मेंढ्या, दुसऱ्या बाजूला दारूचा गुत्ता. भाचा तिसऱ्या संघात खेळतो, म्हणजे चेंडू शोधून आणणाऱ्यांत. तिथं रोलर ओढत होता एक अठरा वर्षांचा पोरगा. न्यूझीलंडचा, ओटागोतला. तांबूस केस, सोललेलं नाक आणि तळहातांवर अशा गाठी, की मला ऊसतोडीची पोरं आठवली. एप्रिलमध्ये आला. सप्टेंबरपर्यंत क्लबातल्या एका बाईंच्या घरी, माडीवरच्या खोलीत राहतो. गवत कापतो, मंगळवारी लहान पोरांना शिकवतो, शनिवारी पहिल्या संघात खेळतो. आणि ऑक्टोबरमध्ये? ऑक्टोबरमध्ये इथला एक पोरगा त्याच्या गावी जाणार, त्याच्याच घरी, त्याच्याच खाटेवर झोपणार, त्याच्याच आईच्या हातचं खाणार.

"अरे, हे तर साटंलोटं झालं!" मी मराठीतच म्हणालो. भाच्याला त्याचं इंग्रजी करता येईना. दोन घरांनी आपापली पोर एकमेकांकडं द्यायची, म्हणजे कुणाचीच आबाळ होत नाही. हिकच्या वेळी हेच नव्हतं. एक पोरगा गेला, बदल्यात कुणी आलं नाही. शिवाय वरचं आणि खालचं जग अशी वाटणी, की इथला उन्हाळा संपला की तिथला सुरू. पोरानं मनावर घेतलं तर हिवाळा न बघता जन्म काढता येईल.

शिष्यवृत्ती म्हणाल तर या खेळात कुणी कुणी नाही दिली! सत्तरच्या दशकात इंग्लिश पोरांना ऑस्ट्रेलियाला पाठवायची शिष्यवृत्ती होती व्हिटब्रेडची. व्हिटब्रेड म्हणजे तेव्हा बिअर बनवणारी कंपनी. १९७६ च्या हिवाळ्यात त्या पैशावर इयान बोथम मेलबर्नला गेला आणि तिथल्या बारमध्ये इयान चॅपेलशी त्याचं वाजलं. कोण कुणाला काय म्हणालं यावर दोघांनी मरेपर्यंत एकमत होऊ द्यायचं नाही असं ठरवलेलं दिसतं. हा बोथमसुद्धा पुढं पाच मोसम वूस्टरलाच येऊन राहिला. आपल्याकडं कैलास गट्टाणींचा स्टार क्रिकेट क्लब मुंबईची पोरं घेऊन इंग्लंडला यायचा, त्यात सचिन-कांबळीही येऊन गेले. बॉर्डर-गावसकर शिष्यवृत्तीवर पार्थिव पटेल ॲडलेडच्या अकादमीत जाऊन आला आणि २००२ मध्ये सतराव्या वर्षी ट्रेंट ब्रिजला भारताचा यष्टिरक्षक होऊन उभा राहिला. त्याच्या वयाची आमची पोरं तेव्हा बारावीच्या हॉल तिकिटासाठी रांगेत उभी असायची.

मी त्या पोराला ग्लेन टर्नरची गोष्ट सांगितली, बेकरीची. त्याच्याच मुलखातला माणूस, पण याला नाव तेवढं माहीत, भट्टी माहीत नव्हती. रोलरच्या दांड्यावर बसून त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मी सुपरमार्केटात. रात्रपाळी. डबे लावायचे. अकरा महिने."

"शाळेत असताना?"

"शेवटचं वर्ष. मास्तर म्हणायचे, पहिल्या तासाला झोपतोस." एवढं बोलून त्याला आठवलं की समोर मास्तर बसलाय आणि तो कानापर्यंत लाल झाला.

मी त्याला आमच्या दाखल्याचे रकाने समजावून सांगायला घेतले. वर्तणूक, प्रगती, शाळा सोडण्याचे कारण. तो मन लावून ऐकत होता. "मग माझं काय लिहिलं असतं?" त्यानं विचारलं. मी खिशातलं पेन काढलं. सवय, अजून शाईचंच वापरतो.

तेवढ्यात डोंगरांकडून, माल्व्हर्नच्या बाजूनं, पाऊस आला. आपल्यासारखा वाजतगाजत नाही. हवेतून चोरपावलानं आला आणि थेट मानेत शिरला. मला वाटलं, खेळत राहतील. मुंबईत कांगा लीग भर पावसाळ्यात खेळतात. पण इथं पंचांनी बेल्स उचलल्या आणि पोरगा ओरडत सुटला, "कव्हर्स!" दोन्ही संघ धावले, गुत्त्यातले लोक ग्लास ठेवून धावले, खोलीवाल्या बाई धावल्या. मी पेन हातात धरून उभा. "मिस्टर, तुमच्या बाजूचा कोपरा!" तो माझ्यावर ओरडला. चौतीस वर्षांत कुणी पोरगा माझ्यावर असा ओरडला नव्हता.

पेन दातांत धरलं, धोतर नव्हतं म्हणून पँट गुडघ्यापर्यंत वर केली आणि कोपरा धरला. ओल्या ताडपत्रीचं वजन काय असतं, ते साखर कारखान्याच्या गावात राहून मला माहीत असायला हवं होतं. आम्ही सगळे एका बाजूला धावलो. खेळपट्टी झाकली गेली तेव्हा माझ्या शर्टाच्या खिशापासून पोटापर्यंत निळी शाई ओघळलेली होती आणि पोरगा पलीकडच्या टोकाला, कडांवर विटा ठेवत, "अजून थोडं डावीकडं!" म्हणून हात हलवत होता.